हॉस्टेल तीन, मेस एक!

पर्यावरण हा विषय आपण सगळेच आदल्या रात्री वाचून पास होतो. मीही तसाच झालो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'इकोसिस्टीम'ची व्याख्या तोंडपाठ होती, पण गिधाड मात्र फक्त चित्रात पाहिलेलं. दिवाळीत गावी आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "अरे, पूर्वी ढोर मेलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. आता नुसती कुत्री."

मग गेली कुठे गिधाडं?

कुठला जीव कुठे राहतो आणि तिथेच का, हे सांगणारं शास्त्र म्हणजे जीवभूगोल. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं, म्हणून कोकणात ते नारळ-आंब्यावर दिसायचं. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत राहतं, म्हणून ते सह्याद्रीत. निमुळत्या चोचीचं हिमालयाच्या पायथ्याला आणि आसामात. पण खाणं तिघांचं एकच, मेलेली गुरं. आपल्या भाषेत हॉस्टेल तीन, मेस एक!

आणि त्या मेसमध्येच विष मिसळलं. १९९० च्या दशकात भरतपूरला डॉ. विभू प्रकाश यांच्या लक्षात आलं की गिधाडं झपाट्याने कमी होताहेत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली, बाकीच्या दोन जाती सुमारे ९७ टक्के. कारण कळलं २००४ साली, पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून. गुरांना देतात ते डायक्लोफिनॅक! औषध टोचलेलं जनावर लगेच मेलं, तर ते मांसात शिल्लक राहतं. ते खाल्लं की गिधाडाची किडनी बंद पडते आणि युरिक अॅसिड अवयवांवर पांढऱ्या थरासारखं साचतं. गणित तर अजून भयानक आहे. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं, तरी एवढा नाश व्हायला पुरतं. कारण एका मढ्यावर अनेक गिधाडं जेवतात, आणि एक जोडी वर्षाला एकच अंडं घालते.

हे ऐकून आजोबा गप्पच झाले. त्यांच्याही बैलाला दुखतंय म्हणून डॉक्टरांकडून सुई दिली होती. दोन दिवसांत बैल गेला, गावाबाहेर टाकला. औषधाचं नाव त्यांना आठवत नाही. "मुक्या जनावराचा त्रास बघवेना रे," एवढंच म्हणाले. त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

गिधाडं गेली तशी मढी कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही.

२००६ मध्ये भारताने गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ पासून बाटली ३ मिलीचीच केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही गुरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध उपलब्ध आहे. हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदासही होते.

औषध बनवणाऱ्यांनी एवढंच पाहिलं की गाय बरी होते का. ती मेल्यावर तिला कोण खातं, हे कोणी विचारलंच नाही. उद्या आपणही काहीतरी डिझाइन करणार आहोत. तेव्हा हा एक प्रश्न जरूर विचारा. आणि सुट्टीत गावी गेलात, तर गुरांच्या डॉक्टरांना सुईचं नाव विचारा. मी पुढच्या वेळी विचारणार आहे.