वाळवंटी टोळ आणि भातावरील नाकतोडा

मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत वाळवंटी टोळांची धाड आली होती. अशा प्रसंगी बांधावरच्या साध्या नाकतोड्यासही टोळ समजण्याची चूक होते. हे दोन्ही कीटक एकाच कुळातील असून दोन्ही पिके कुरतडून खातात. परंतु त्यांची वसतिस्थाने भिन्न असल्यामुळे बंदोबस्ताची रीतही भिन्न आहे.

वाळवंटी टोळ : याचे मूळ ठिकाण आफ्रिकेपासून राजस्थानपर्यंतचा कोरडा प्रदेश होय. पावसानंतर मादी ओल्या वाळूत १० ते १५ सेंटिमीटर खोल अंडी घालते. संख्या थोडी असेतो टोळ एकेकटा राहतो. संख्या वाढून ते दाटीने राहू लागले, म्हणजे त्यांचा रंग व स्वभाव पालटतो आणि थवे बनतात. थव्यातील कोवळे टोळ गुलाबी व पक्व टोळ पिवळे असतात. वाऱ्याबरोबर थवा दिवसात शंभर किलोमीटरहून अधिक जाऊ शकतो. एक टोळ रोज आपल्या वजनाइतका, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, पाला खातो. आणि एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटी किंवा त्याहून अधिक टोळ असू शकतात.

भातावरील नाकतोडा : हा हिरवट पिवळा असून त्याच्या मानेवर तीन काळ्या आडव्या रेषा असतात. गवत व भातखाचरे हेच त्याचे घर. पावसाळ्याच्या आरंभी पिले बांधातून बाहेर पडतात, प्रथम बांधावरील गवत खातात व मग भातात शिरतात. पुढे मोठे नाकतोडे लोंब्याही कुरतडतात. भात पिकण्याच्या सुमारास मादी बांधाच्या मातीत अंडी घालते. ती पुढील पावसाळ्यापर्यंत तेथेच राहतात. वर्षातून एकच पिढी होते.

उपाय : नाकतोड्याची अंडी आपल्याच बांधात असतात. म्हणून उन्हाळ्यात बांध कुदळीने तासावेत. उघडी पडलेली अंडी उन्हाने वाळतात व पक्षी ती वेचतात. बांधावरील गवतही काढावे. मात्र एकट्याने हे करून भागत नाही. शेजारच्या बांधावरील पिले आपल्या भातात येतात. यास्तव ग्रामसेवक व कृषी सहाय्यकांनी सर्व गावाचे बांध एकाच वेळी तासून घ्यावेत. पूर्वी वापरात असलेल्या बीएचसी भुकटीवर १९९७ पासून बंदी आहे. ती वापरू नये.

टोळांची अंडी दूर वाळवंटात असतात. तेथे आपली कुदळ पोचत नाही. तेव्हा थवा दिसताच त्याची दिशा, वेळ व उतरण्याची जागा कृषी खात्यास त्वरित कळवावी. थवा रात्री झाडाझुडपांवर विसावतो. रात्री व पहाटे, तो उडण्यापूर्वी केलेली फवारणीच गुणकारी ठरते. म्हणून संध्याकाळची खबर मोलाची.