चोवीस ठिकाणी मोजले, फुटले पंचविसाव्या ठिकाणी

६ ऑगस्ट २०१२. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड येथील शेव्हरॉन रिफायनरीत आठ इंची पाइप फुटला. तेलाच्या वाफेच्या ढगात १९ कर्मचारी सापडले, सगळे बचावले. पण नंतरच्या काही आठवड्यांत आसपासच्या सुमारे १५,००० लोकांना उपचार घ्यावे लागले. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात दिसले की, फुटल्या जागेजवळ पाइपची भिंत ९० टक्के झिजली होती.

तपासणी होत नव्हती असे नाही. त्या लाइनवर जाडी मोजायच्या २४ जागा ठरलेल्या होत्या. फुटलेला ५२ इंच लांबीचा तुकडा मात्र त्यांत नव्हता. गंधक असलेले गरम तेल कार्बन स्टील खाते. स्टीलमध्ये सिलिकॉन कमी असेल तर फारच झपाट्याने. १९७६च्या या लाइनमध्ये शेजारशेजारच्या तुकड्यांतही सिलिकॉनचे प्रमाण वेगळे होते. त्यामुळे धडधाकट तुकड्याच्या आकड्यावरून शेजारच्याची प्रकृती कळणे शक्यच नव्हते.

एरवी पाइपचे उरलेले आयुष्य काढण्याचे गणित शाळकरी आहे. समजा, ९ मिलिमीटरची भिंत १२ वर्षांत ६ वर आली. झीज वर्षाला पाव मिलिमीटर. किमान ४ मिलिमीटर हवी असेल तर उरलेले आयुष्य आठ वर्षे. पुढची तपासणी त्याच्या निम्म्या काळात, म्हणजे चार वर्षांच्या आत.

पण मोठ्या कारखान्यात जाडी मोजायच्या अशा हजारो जागा असतात आणि प्रत्येक आकड्याला पत्ता लागतो: ड्रॉइंगवरची नेमकी जागा, धातू, मूळ जाडी, मोजल्याची तारीख. कधी कधी नवे रीडिंग जुन्यापेक्षा जास्त येते. लोखंड काही वाढत नाही; मोजणाऱ्याचा प्रोब चार बोटे सरकलेला असतो किंवा पाइप तापलेला असतो. असा आकडा न तपासता भरला की झीज कागदावर थांबते, पाइपमध्ये चालूच राहते. सरासरी काढली तर सर्वांत पातळ जागा तिच्यात बुडून जाते.

रिचमंडला तर २००२ मध्ये एका इन्स्पेक्टरने नेमलेल्या जागा सोडून पुढे फुटलेला हाच तुकडा मोजला होता. एक तृतीयांश भिंत गेलेली दिसली. २००७ च्या शटडाऊनमध्ये लाइन बदला, असे त्याने सुचवले. ती बदलली गेली नाही.

रीडिंग साठवायला आज सॉफ्टवेअर आहेत. त्या रीडिंगवरून केलेली शिफारस पुढे ढकलायची असेल, तर कोणी ढकलली, कोणत्या आकड्याच्या भरवशावर आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही सहीनिशी त्याच नोंदीत यायला हवे.