शहरात खोली बघायला बाईनंही जावं



मे महिना लागला, की आपल्याकडं घराघरांत एकच बोलणं सुरू होतं. शाळा उघडायच्या आत पुण्याला जायचं का? कुणाच्या कारभाऱ्याला चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटी काम लागलेलं असतं, कुणाचा दीर हडपसरला टेम्पो चालवत असतो, तर कुणाच्या रानातली विहीर आटलेली असते. जायचं ठरलं की घरातला पुरुष पुढं जातो. दोन दिवसांत खोली बघतो, डिपॉझिट देतो आणि फोन करतो, "ये आता सामान घेऊन." बाई ती खोली पहिल्यांदा बघते ती टेम्पोतून भांडी उतरवताना.

आजचं बोलणं या दोन दिवसांबद्दल आहे. माझं म्हणणं असं, की खोली ठरायच्या आधी बाईनं स्वतः एकदा जाऊन यावं. जाण्यायेण्याचा खर्च होतो, कबूल. पण एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि खोली सोडावी लागली तर डिपॉझिट अडकतं, सामान पुन्हा हलवावं लागतं, त्याच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

पुरुष खोली बघतो तेव्हा दोन गोष्टी विचारतो, भाडं किती आणि कंपनी किती लांब. त्याचंही बरोबर आहे. तो सकाळी सातला बाहेर पडणार आणि रात्री आठला येणार. पण नळाला पाणी दुपारी तीनला येत असेल, तर भरायला घरी कोण असणार? चार खोल्यांत मिळून एक संडास असेल, तोही जिन्याखाली अंधारात, तर रात्री लेकीला तिथं घेऊन कोण जाणार? हे प्रश्न ज्याच्या वाट्याला येतात त्यालाच ते सुचतात.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती. मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातले, साताऱ्या-सांगलीकडचे गडी एकटेच जायचे. लालबाग-परळच्या चाळींत गावकीची खोली असायची. तिथं एकेका खोलीत कितीतरी जण पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला खानावळवाल्या बाईकडं जायचे. बायका-पोरं गावाकडं. वस्ती निवडायचा प्रश्नच नव्हता, गावकीची खोली असेल तिथं वळकटी टाकायची. आता अख्खं कुटुंब जातं, तरी खोली मात्र आपण त्याच रीतीनं बघतो, चुलतभाऊ राहतो त्याच गल्लीत. आपल्या माणसांजवळ राहण्याचा फायदा आहेच. पहिल्या महिन्यात पोरगं तापानं फणफणलं तर रात्री दार वाजवायला कुणीतरी लागतं. पण चुलतभाऊ तिथं का राहतो, हेही विचारा. त्याचं काम तिथं असेल, तुमचं नसेल.

आता पाण्याकडं येते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. पुणं म्हटलं की आपल्याला वाटतं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाला असलेलं शहर, त्याला पाण्याचा काय तोटा? पण आपल्याला परवडणारी खोली जुन्या शहरात सहसा मिळत नाही. ती मिळते कडेच्या गावांत. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत घेतली आणि २०२१ मध्ये आणखी २३. आंबेगाव, धायरी, नऱ्हे, वाघोली, मांजरी बुद्रुक ही त्यातलीच. कागदावर गाव एका दिवसात शहरात येतं. पाण्याची पाइपलाइन यायला वर्षं लागतात. तोवर तिथल्या कितीतरी चाळी आणि इमारती बोअरवर नि टँकरवर चालतात. उन्हाळ्यात टँकर महागला, की घरमालक भाड्याशिवाय पाण्याचे पैसे वेगळे मागतो.

म्हणून नुसतं "पाणी आहे का?" असं विचारू नका. त्याला कुणीही "आहे की" म्हणेल. महापालिकेचं आहे की बोअरचं, रोज येतं की दिवसाआड, किती वाजता येतं, वर टाकीत साठवलेलं मिळतं की नळ गेला की संपलं, टँकर आणावा लागला तर पैसे कोण देतं, असं एकेक करून विचारा. घरमालकाला विचारून झालं, की शेजारच्या खोलीतल्या बाईला तेच पुन्हा विचारा. दोघांची उत्तरं जुळली तर पुढचं बोला. आणि तोंडी उत्तरांपेक्षा दारापुढची पिंपं जास्त खरं सांगतात. ज्या चाळीत प्रत्येक उंबऱ्याजवळ दोन-दोन निळी पिंपं झाकून ठेवलेली दिसतात, तिथं नळाचा भरवसा कुणालाच नाही, हे ओळखा. मे महिन्यात बघायला गेलात तर ही परीक्षा आपोआपच होते.

पाणी आलं म्हणजे ते पिण्याजोगं असेल असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या आजाराची साथ आली होती, आठवत असेल. यात हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी मशीन लावावं लागतं. सिंहगड रस्त्याकडच्या किरकटवाडी, नांदेडगाव, धायरी या भागांत रुग्ण जास्त सापडले, आणि संशय दूषित पाण्यावर होता. तेव्हा नवीन जागी गेल्यावर पाणी उकळून गार करून प्या, लहान मूल असेल तर नक्कीच. जारचं पाणी थंडगार असतं म्हणून ते शुद्ध असतंच असं नाही.

पावसाळा मात्र मे महिन्यात दिसत नाही, तो विचारूनच घ्यावा लागतो. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, काठावरची खोली स्वस्त असते, वारं चांगलं येतं. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबिल ओढा एरवी गटारासारखा दिसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं आणि माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी भरलं. तिथं तर पक्क्या इमारती आहेत. म्हणून खोलीच्या आसपास ओढा, नाला, नदी कुठं आहे ते आधी बघा. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" आलं होतं का, असं नका विचारू. कुठवर आलं होतं, असं विचारलं की तो हातानं भिंतीवर दाखवतो. एखाद्या खोलीचं भाडं शेजारच्या गल्लीपेक्षा बरंच कमी असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, ते कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

भाड्यावरून आठवलं. आपण खोलीचं भाडं बघतो, वस्तीचा खर्च बघत नाही. समजा एक खोली लांब आहे, भाडं ४,५०० रुपये. दुसरी कामाच्या जवळ आहे, भाडं ६,००० रुपये. आकडे नुसते हिशोबासाठी घेतलेत. लांबच्या खोलीतून दोघांनाही कामावर जायला शेअर रिक्षाचे २० रुपये जाताना, २० येताना. दोघांचे दिवसाला ८० झाले. महिन्याचे २६ दिवस कामाचे धरले तर २,०८०. त्यात पिण्याच्या पाण्याचा २० रुपयांचा जार रोज, म्हणजे ६००. बेरीज करा, ७,१८० रुपये. स्वस्त खोली महाग पडली. शिवाय जाण्यायेण्यात बाईचे रोज दोन तास गेले. त्या दोन तासांत तिला धुण्याभांड्याचं आणखी एक घर मिळालं असतं. एक लक्षात ठेवा, अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे. पीएमपीच्या शहर बसमध्ये ती लागू होत नाही, तिथला पास वेगळा काढावा लागतो, त्याचाही हिशोब धरा.

बायका घरकामाला जाणार असतील तर मोठ्या सोसायट्यांपासून चालत जाता येईल अशी वस्ती बघावी. हडपसरला मगरपट्ट्याच्या आजूबाजूला किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये वाकडकडं अशी कामं मिळतात. चाकण-भोसरीकडं कारखान्यांचं काम जास्त, आणि तिथं पाळी किती वाजता सुटते ते बघून खोली घ्यायची. नवऱ्याच्या कंपनीची बस असते, ती बहुतेक मुख्य रस्त्यापर्यंत नेऊन सोडते. बाईच्या कामाला कुणी बस पाठवत नाही. त्यामुळं दोघांपैकी एकाला लांब पडणार असेलच, तर ते ज्याला बस आहे त्याला पडू द्या, असं मला वाटतं. काहींना हे पटणार नाही.

संध्याकाळी सात-साडेसातला एकदा बस थांब्यापासून खोलीपर्यंत चालून बघा. दिवे लागतात का, मध्ये मोकळा प्लॉट किती लांबीचा आहे, दारूचं दुकान कुठं आहे, त्या वेळी रस्त्यावर बायका दिसतात का. भाजीची गाडी, गिरणी, शिवणकामाचं दुकान असलेली गल्ली असेल तर तिथं रात्री नऊपर्यंत जाग असते. नववी-दहावीतली लेक असेल, तर तिलाच बरोबर न्या आणि तिच्या पायांनी शाळेपर्यंत जाऊन बघा. शहरात आल्यावर लेकीची शाळा फीमुळं सुटते असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ती रस्त्याच्या भीतीनं सुटते. आणि एकदा ती घरी बसली, की पाहुणेमंडळी स्थळं सुचवायला लागतात.

आपल्या ऐकणाऱ्यांत एकल महिलाही आहेत, त्यांच्यासाठी थोडं. एकट्या बाईला खोली द्यायला लोक मागंपुढं बघतात. कुठं आडनाव विचारतात, त्यावरून जात काढतात, आणि मग "खोली कालच गेली" म्हणतात. हे चूक आहे आणि सर्रास चालतं. अशा वेळी दोघी-तिघींनी मिळून खोली घेतली तर भाडंही वाटलं जातं आणि सोबतही होते. त्या वस्तीत बचत गट चालतो का ते शोधा. पुणे महापालिकेच्या समाज विकास विभागाकडं शहरातल्या गटांची माहिती मिळते. ज्या गल्लीत गटाची बैठक भरते, तिथं एकट्या बाईच्या मागं उभं राहायला चार बायका असतात, आणि कुठला घरमालक कसा आहे हे त्यांना तोंडपाठ असतं.

विजेचं एक विचारून ठेवा. बऱ्याच चाळींत पाच-सहा खोल्यांना मिळून एकच मीटर असतो. महावितरणचा दर टप्प्यानं वाढतो, १०० युनिटांपर्यंत कमी आणि पुढं जास्त. सगळ्यांचे युनिट एकाच मीटरवर पडले, की प्रत्येकाला चढ्या दरानं पैसे भरावे लागतात. तेव्हा मीटर वेगळा आहे का आणि युनिटला किती घेणार, हे भाड्याबरोबरच ठरवा.

शाळा-रेशनच्या भीतीनं मात्र अडून राहू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार, आठवीपर्यंतच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. रेशन आपल्याच कार्डावर शहरातल्या दुकानातून अंगठा लावून घेता येतं. सासू-सासरे गावाकडं राहिले असतील तर त्यांच्या वाट्याचं ते गावात उचलू शकतात. बाळ लहान असेल किंवा दिवस गेले असतील तर सरकारी दवाखाना किती लांब आहे ते पाहून ठेवा. पुण्यात स्टेशनजवळ ससून आहे, बाळंतपणासाठी मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, आणि पिंपरीकडं वायसीएम. लसीकरणाचं कार्ड सामानात खाली दडपू नका, हाताशी ठेवा.

खोली पसंत पडली तर डिपॉझिट देण्याआधी भाडेकरार नोंदवणार का, हे घरमालकाला विचारा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं तो लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवलेला नसेल आणि पुढं वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. डिपॉझिट रोख दिलंत तर पावती घ्या, घरमालक कितीही ओळखीचा असो. करारात काय लिहून घ्यायचं आणि सोडताना डिपॉझिट परत कसं मागायचं, हे पुढच्या बुधवारच्या बोलण्यात सविस्तर सांगेन. तोवर तुमच्या गटातल्या ज्या बायका शहरात राहून आल्यात त्यांना विचारून ठेवा, आणि त्यांचे प्रश्न आमच्याकडं चिठ्ठीनं किंवा फोनवरून कळवा.