गायरानाची कादंबरी कोण लिहिणार?

मराठी कादंबरीतील पर्यावरणभान हा विषय अलीकडे विद्यापीठीय चर्चासत्रांत चांगलाच रुळला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधील वानरांपासून सुरुवात होते, विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’तील धरणग्रस्तांवर थोडा वेळ जातो आणि २०२३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’पाशी चर्चा थांबते. ही तिन्ही पुस्तके चांगलीच आहेत. ‘रिंगाण’मधला विस्थापित माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत जातो, तेव्हा धरणाने नेमके काय बुडवले हे कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा नीट कळते. येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णेवरची दोन धरणे उशाला असलेल्या आम्हा जवळा बाजारच्या वाचकांना तर हे मुद्दाम सांगावे लागत नाही.

तक्रार समीक्षकांबद्दल आहे. झाड, पाखरू, नदी आली की त्यांना पर्यावरण दिसते. पाणवठ्यावरचा मज्जाव आला की तेच पुस्तक ‘दलित साहित्य’ म्हणून दुसऱ्या कप्प्यात जाते. वास्तविक पाणी हा पर्यावरणाचा प्रश्न असेल, तर तो २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर मांडला गेला आहे. बाबासाहेब पाणी प्याले म्हणून तळे बाटले, आणि सनातन्यांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केले! जलप्रदूषणाची याहून बोलकी गोष्ट कोणत्या कादंबरीत आहे? पुढे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय दिला. आम्ही वकील मंडळीही हा निकाल वाचत नाही, तर समीक्षकांना काय बोलावे.

जमिनीचेही तसेच. नामदेव ढसाळांच्या १९८१ सालच्या कादंबरीचे नावच ‘हाडकी हाडवळा’, म्हणजे महारांची वतनी जमीन. पर्यावरणाच्या यादीत ती मला कधी आढळली नाही.

हा केवळ साहित्यातला वाद असता तर मी लिहायला बसलो नसतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांनी धीर दिला आणि आमच्या माणसांनी दगड वेचून गायराने वहितीखाली आणली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण तलाठ्याच्या १-ई नोंदवहीत नाव नसेल तर कसणारा आजही चोरच. त्याच जमिनीवर आता वृक्षलागवडीचा फलक लागतो. ‘गायरान वाचवा’ ही हाक ऐकायला गोड. पण ती आधी जाते दोन एकर कसणाऱ्याच्या दारी. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना पट्ट्याने दिलेल्या जमिनींसाठी अपवादही आहे. नोटीस निघते ती पहिल्या भागाच्या जोरावर. अपवादाचे पान दाखवायला वकील लागतो.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गायरान नांगरले की मेंढपाळाची आणि आमच्याच बायाबापड्यांच्या शेळ्यांची चराई जाते. हे भांडण मी दोन्हीकडून ऐकले आहे. दोन्हीकडचे लोक भूमिहीनच. खरी कादंबरी इथे आहे. ‘आलोक’ला २०१६ चा अकादमी पुरस्कार मिळालेले आपल्या परभणीचे आसाराम लोमटे यांनी गावातली सत्ता कथेत किती बारकाईने उसवता येते, हे दाखवून दिले आहे. आमच्या शिकलेल्या तरुणांनी त्या वाटेने गायरानात शिरावे.

साहित्य भरपूर आहे. पक्षकारांच्या पिशव्यांत दंडाच्या पावत्या आहेत, पीकपाहणीचे उतारे आहेत, पंचनाम्यात मोजलेल्या बाभळी आणि लिंब आहेत. ज्याला लिहायचे असेल त्याने एखाद्या रविवारी यावे, कागद मी काढून ठेवतो.