नट सैल का पडत नाही?

जयपूरला गेलेली मंडळी सांगानेरला हटकून जातात. कुणाला ठशांनी छापलेल्या चादरी हव्या असतात, कुणाला हातकागद. मुंबईहून आपल्या गाडीने निघालात, तर अकराशे-बाराशे किलोमीटरचा रस्ता. विमानाने गेलात तरी उतरायचं सांगानेरलाच, कारण जयपूरचा विमानतळ तिथेच आहे. गाडी असो वा विमान, दोन्हींत आपली काळजी वाहणारी एक छोटी वस्तू असते. ती म्हणजे सेल्फ-लॉकिंग नट!

नट आवळला की बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो. हा ताणच भागांना एकमेकांवर दाबून धरतो. पण खड्ड्यांतून चाक गेलं की सस्पेन्शनचे भाग आडवे सरकू पाहतात. अशा आडव्या हादऱ्यांत आट्यांची पकड क्षणभर सुटते आणि साधा नट आपोआप उलटा फिरू लागतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिलं.

म्हणून नटाच्या तोंडाशी नायलॉनची कडी बसवतात. तिचं भोक बोल्टपेक्षा जरासं लहान असतं. बोल्ट तिच्यात घुसला की नायलॉन आट्यांना घट्ट चिकटून बसतं. बोल्टचा ताण गेला तरी नट सहसा गळून पडत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही कडी नटाला फिरू देत नाही, जोड आवळण्याचं काम तिचं नव्हे. त्यासाठी कंपनीने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच नट आवळायला हवा.

नायलॉनला उष्णता सोसत नाही. साधारण 120 अंश सेल्सिअसच्या पुढे ते भरवशाचं राहत नाही. म्हणून सायलेन्सरच्या पाइपजवळ पूर्ण धातूचे लॉकनट वापरतात. बॉल जॉइंटवर अनेकदा खाचांचा नट आणि त्यातून आरपार जाणारी स्प्लिट पिन असते.

नट काढून पुन्हा लावला की नायलॉनची पकड कमी होते. विमानांच्या दुरुस्तीत तर नियमच आहे: असा नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला, तर तो पुन्हा वापरायचा नाही. गाडीच्या सस्पेन्शनचं काम निघालं, तर नवेच नट लावून घ्या. बोल्टचे एक-दोन आटे नटाबाहेर आलेले दिसतात ना, तेही पाहा. नव्या नटाला फार पैसे पडत नाहीत, पण भर रस्त्यात चाकाचा जोड सुटला तर जिवावर बेतू शकतं.