करपरतावा मिळतो, विनिमय दरात जातो!

खारघर, प्रतिनिधी : सुट्ट्या जवळ आल्या की खारघरमधील अनेक घरांत दुबई, सिंगापूर किंवा बँकॉकच्या सहलीचे बेत रंगू लागतात. शेजारच्या उलवे परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे सुरू झाल्याने या बेतांना आणखी बळ मिळाले आहे. परदेशातील दुकानांवर झळकणारी 'पर्यटकांना कर परत' ही पाटी ग्राहकांना हमखास आकर्षित करते. मात्र हातात पडणारा परतावा किती आणि चलन बदलताना त्यातील किती निसटतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

विक्रीवरील कर हा वस्तू ज्या देशात वापरली जाते तेथे भरावा, हे या सवलतीमागील तत्त्व आहे. पर्यटक वस्तू देशाबाहेर नेत असल्याने ती एक प्रकारची निर्यातच ठरते आणि म्हणून वसूल केलेला कर परत दिला जातो.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्यटकांसाठी परतावा योजना सुरू झाली. त्यासाठी दुकान योजनेत नोंदलेले असावे लागते, खरेदी किमान २५० दिऱ्हॅमची असावी लागते आणि वस्तू ९० दिवसांच्या आत स्वतःसोबत देशाबाहेर न्यावी लागते. खरेदीच्या वेळीच पासपोर्ट दाखवणे आवश्यक असते. विमानतळावर वस्तू तपासल्या जाऊ शकतात. त्यामुळे सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी परताव्याची नोंद करून घ्यावी लागते.

पाटीवर कर परत असे लिहिले असले तरी तो पूर्ण मिळत नाही. कराच्या रकमेतून ठरावीक हिस्सा आणि प्रत्येक व्यवहारामागे ४.८० दिऱ्हॅम शुल्क वजा होते. समजा, खारघरच्या एका कुटुंबाने करासह २,००० दिऱ्हॅमची खरेदी केली. त्यात कर सुमारे ९५ दिऱ्हॅम असेल आणि प्रत्यक्ष परतावा त्याहून कमी, म्हणजे खरेदीच्या ४ टक्क्यांपेक्षाही कमी.

आता दुसरी बाजू. अनेक भारतीय कार्डांवर परकीय चलनातील व्यवहारासाठी २ ते ३.५ टक्के अधिभार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आकारला जातो. ३.५ टक्के अधिभाराचे कार्ड वापरल्यास एकूण बोजा ४.१३ टक्के होतो. वरील खरेदीवर तो सुमारे ८३ दिऱ्हॅम भरतो. म्हणजे विमानतळावर रांगेत उभे राहून मिळवलेला परतावा बँकेच्या एका ओळीत संपतो, वर काही दिऱ्हॅम खिशातूनच जातात.

आणखी एक सापळा स्वाइप मशीनवर असतो. 'रुपयांत भरणार की स्थानिक चलनात?' असा प्रश्न येतो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, परंतु तो दर दुकानदाराच्या सेवा पुरवठादाराने स्वतःचा नफा धरून ठरवलेला असतो. शिवाय काही बँका परदेशातील अशा रुपयांतील व्यवहारावरही वेगळे शुल्क लावतात. म्हणून सर्वसाधारणपणे स्थानिक चलन निवडणेच श्रेयस्कर.

रोखीतही फरक पडतो. परकीय चलन विक्रेता चलन विकताना चढा आणि विकत घेताना उतरता दर लावतो. दिऱ्हॅम २५ रुपयांना घेतला आणि उरलेला २४ रुपयांना परत दिला, तर ४ टक्के तेथेच गेले. त्यामुळे परतावा रोख दिऱ्हॅममध्ये मिळाल्यास तो तेथेच खर्च करणे बरे. दिऱ्हॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने त्याचा भाव रुपया-डॉलरच्या चढउतारावरच हलतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. सिंगापूरमध्ये कराचा दर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के असून किमान खरेदी १०० सिंगापूर डॉलर लागते. थायलंडमध्ये ७ टक्के कर असून एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बाट खर्च व्हावे लागतात. ब्रिटनने मात्र १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील दुकानांतून सामानासोबत नेण्याच्या खरेदीवरील ही सवलत बंद केली. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या पालकांनी तर राष्ट्रीय पातळीवरील परताव्याची अपेक्षाच धरू नये. तेथे विक्रीकर राज्ये आणि स्थानिक संस्था आकारतात.

उलट, परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक खारघरला येऊन खरेदी करतात तेव्हा काय? एकात्मिक जीएसटी कायदा २०१७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत येणाऱ्या परदेशस्थ पर्यटकासाठी परताव्याची तरतूद आहे. मात्र तिची अंमलबजावणी लांबणीवरच पडत आली आहे.

परतावा मिळाला म्हणून भारतातील सीमाशुल्क माफ होत नाही. आणलेल्या वस्तूंची किंमत निःशुल्क मर्यादेत मोजली जाते. निघण्यापूर्वी ही मर्यादा तपासावी, कार्डाचा अधिभार बँकेकडे विचारावा आणि पावत्या हातातील सामानात ठेवाव्यात. परताव्याचा आकडा पाहण्याआधी कार्डाच्या अधिभाराचा आकडा पाहिला, तर सहलीचा हिशेब घरी परतल्यावर बिघडणार नाही.