ग्रंथपालांची नवी शोधविद्या

जून २००१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दम्याविषयीच्या एका प्रयोगात भाग घेतलेली २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका मृत्यू पावली. हेक्झामेथोनियम हे द्रव्य तिला हुंगावयास दिले होते. या द्रव्याने फुप्फुसांस अपाय होतो, अशा नोंदी १९५० च्या दशकातील वैद्यकीय नियतकालिकांत होत्या. परंतु संशोधकाने जिच्यावर प्रामुख्याने भिस्त ठेवली, ती संगणकीय सूची त्या वेळी १९६६ च्या मागे जातच नव्हती. पडद्यावर जे दिसले नाही ते जणू कोणी लिहिलेच नव्हते!

संगणकावर शोध घेणे म्हणजे कळफलकावर दोन शब्द उमटविणे, ही समजूत आपल्याकडेही दृढ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘मेडलार्स’ यंत्रणेची एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी कसून परीक्षा केली. त्यांच्या १९६८ च्या अहवालानुसार, उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५८ टक्केच हाती लागत आणि जे लागत त्यांतले निम्मेच कामाचे असत. दोष एकट्या यंत्राचा नव्हता. वाचकाला नेमके काय हवे हेच पुष्कळदा नीट उमगलेले नसे.

तेव्हा प्रशिक्षणाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, प्रश्नापासून व्हावयास हवा. त्यानंतर परिभाषा. ‘कॅन्सर’वरील लेख वैद्यक सूचीत ‘निओप्लाझम्स’ या शीर्षकाखाली लावलेले असतात, हे जाणणारा आणि न जाणणारा यांच्या हाती सारखे लेख येतीलच असे नाही. ‘मुले नकोत’ अशी अट घातली, की मुले व प्रौढ या दोहोंचा एकत्र विचार करणारा लेखही निमूटपणे गळतो. गळलेले दिसत नाही, हीच खरी अडचण!

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली जानेवारी २०२५ पासून शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. तीन वर्षांसाठी तरतूद ६,००० कोटी रुपयांची! मात्र ती वापरावयास शिकविणार कोण? एक दिवसाचे व्याख्यान, भोजन आणि प्रमाणपत्र एवढ्याने ही विद्या येत नाही. प्राध्यापकाचा एखादा खराखुरा प्रश्न घेऊन दोन ग्रंथपालांनी स्वतंत्रपणे शोध घ्यावा आणि एकाला गवसलेले दुसऱ्याच्या हातून का निसटले, हे समोरासमोर बसून तपासावे. त्यासाठी आठवड्यातील एक दुपार देवघेवीच्या खिडकीवरून त्यांची सुटका करणे प्राचार्यांच्या हाती आहे.